मिट्स्की

मिट्स्की : (२७ सप्टेंबर १९९० –       ). जपानी-अमेरिकन गायिका, गीतकार व संगीतरचनाकार. व्यावसायिक नाव मिट्स्की मियावाकी. मात्र ध्वनिमुद्रिकांवर ती केवळ ‘मिट्स्की’ एवढेच नाव लावते. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील ‘इंडी रॉक’ संगीतप्रकारात ज्या स्त्री-गीतकारांनी प्रांजळ भावाविष्काराची एक नवी धारा निर्माण केली, त्यांत तिचे स्थान महत्त्वाचे आहे. एकाकीपणा, परकेपणा, अपुरे प्रेम, कामाचा ध्यास आणि त्या ध्यासाची द्यावी लागणारी किंमत हे तिच्या गीतांचे मुख्य विषय होत. तिच्या गाण्यांनी मन मोकळे होते, रडू येते व हलके वाटते, असा अनुभव तिचे श्रोते सांगतात. तथापि ही गाणी म्हणजे भावनांचा अनावर उद्रेक नव्हे. ती विचारपूर्वक बांधलेली, आटोपशीर आणि संयमित अशी रचना आहे. प्रांजळपणा आणि रचनाकौशल्य यांचा हा संबंध ध्यानात घेतल्याशिवाय तिच्या संगीताचे स्वरूप नीट उलगडत नाही.

जीवन : मिट्स्कीचा जन्म जपानमध्ये झाला. आई जपानी, वडील अमेरिकन. वडील अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या सेवेत असल्याने कुटुंबाला वारंवार देश बदलावा लागला. तुर्कस्तान, चीन, मलेशिया, चेक प्रजासत्ताक, काँगो लोकशाही प्रजासत्ताक अशा परस्परांपासून दूरच्या देशांत तिचे बालपण गेले. तिची पहिली भाषा जपानी, इंग्रजी नंतरची. प्रत्येक नव्या शाळेत नव्याने ओळख करून द्यायची आणि ओळख जुळते न जुळते तोच निघायचे, हा क्रम पुढे तिच्या गीतांतील ‘बाहेरून आत पाहणाऱ्या’ निवेदिकेच्या मुळाशी दिसतो. जपानमध्ये ती पुरती जपानी ठरत नाही आणि अमेरिकेत पुरती अमेरिकन. ही स्थिती तिने घोषणेच्या स्वरूपात फारशी मांडलेली नाही. परंतु तिच्या प्रेमगीतांतही ती खोलवर भिनलेली आहे.

उच्च शिक्षणासाठी ती न्यूयॉर्क येथे आली. प्रारंभी हंटर महाविद्यालयात तिने चित्रपटाच्या अभ्यासाला प्रवेश घेतला. परंतु लवकरच तो सोडून ती न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या पर्चेस येथील महाविद्यालयात दाखल झाली आणि तेथील संगीतशाळेत ध्वनिमुद्रणगृहातील संगीतरचनेचे शिक्षण तिने घेतले. येथेच तिची पॅट्रिक हायलंड ह्या सहाध्यायाशी ओळख झाली. हायलंड हा पुढे तिच्या ध्वनिमुद्रिकांचा निर्माता व निकटचा सहकारी बनला. एकाच निर्मात्याबरोबरचे इतके दीर्घ सहकार्य ह्या क्षेत्रात विरळाच असून, तिच्या संगीतातील सातत्याचे ते एक कारण आहे.

पार्श्वभूमी : ‘इंडी’ हा शब्द ‘इंडिपेंडंट’ म्हणजे ‘स्वतंत्र’ ह्या शब्दाचे संक्षिप्त रूप. मोठ्या ध्वनिमुद्रिका-कंपन्यांच्या आश्रयाबाहेर, लहान कंपन्यांमार्फत किंवा स्वखर्चाने प्रसिद्ध होणाऱ्या संगीताला तो प्रथम लावला गेला. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथील बझकॉक्स ह्या वाद्यवृंदाने जानेवारी १९७७ मध्ये स्पायरल स्क्रॅच ही छोटी ध्वनिमुद्रिका स्वतःच काढली. ती ह्या प्रथेच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी एक मानली जाते. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात महाविद्यालयीन नभोवाणी केंद्रे, लहान सभागृहे आणि हौशी नियतकालिके यांच्या आधाराने हे संगीत वाढले. कालांतराने ‘इंडी’ हा शब्द व्यवहाराऐवजी शैलीचा वाचक बनला. गिटारप्रधान वादन, फारशी रंगसफेदी न केलेले ध्वनिमुद्रण, खाजगी सुरातील गीते आणि व्यापारी यशाविषयी काहीशी अलिप्तता, ही त्या शैलीची ढोबळ लक्षणे सांगता येतील.

ह्याच्या जोडीला स्वतः गीते लिहून स्वतःच गाणाऱ्या कलावंतांची एक परंपरा अमेरिकेत १९६० नंतर दृढ झाली होती. जोनी मिचेल हिची ब्लू (१९७१) ही ध्वनिमुद्रिका त्या परंपरेतील एक मानदंड समजली जाते. अशा गीतांना ‘कबुलीजबाबाची गीते’ म्हणण्याचा प्रघात पडला. हे विशेषण काव्यसमीक्षेतून आलेले आहे. रॉबर्ट लोएल ह्या कवीच्या लाइफ स्टडीज (१९५९) ह्या संग्रहाचे परीक्षण करताना समीक्षक एम्. एल्. रोझेंथाल यांनी ‘कबुलीजबाब’ ही कल्पना प्रथम वापरली आणि पुढे सिल्व्हिया प्लाथ, ॲन सेक्स्टन इत्यादींच्या कवितेलाही ती लावली गेली. स्त्री-गीतकारांच्या बाबतीत हे विशेषण विशेष सरसकट वापरले गेले. पुरुषाने दुःख गायिले तर ती त्याची कला आणि स्त्रीने गायिले तर ती तिची दैनंदिनी, असा एक अलिखित दंडक त्यातून रूढ झाला. लिझ फेअर हिच्या एक्झाइल इन गायव्हिल (१९९३) ह्या ध्वनिमुद्रिकेपासून तो मोडण्याचे अनेक प्रयत्न इंडी रॉकमध्ये झाले. मिट्स्कीचे कार्य ह्याच मालिकेतील होय.

आरंभीच्या ध्वनिमुद्रिका : लश (२०१२, म. शी. ‘समृद्ध’) आणि रिटायर्ड फ्रॉम सॅड, न्यू करिअर इन बिझनेस (२०१३, म. शी. ‘दुःखातून निवृत्ती, धंद्यात नवी कारकीर्द’) ह्या तिच्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका पर्चेस येथील अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तयार झाल्या. त्या प्रामुख्याने पियानोवर आधारलेल्या आहेत. दुसरीत विद्यार्थ्यांच्या मोठ्या वाद्यवृंदाचा उपयोग केलेला आहे. दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेतील ‘क्लास ऑफ २०१३’ हे छोटे गीत विशेष गाजले. पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलगी काही दिवस आपल्याला घरी राहू द्यावे, अशी आईला विनवणी करते, एवढाच त्याचा आशय. मोठे होण्याची भीती इतक्या थोडक्यात आणि इतक्या साध्या शब्दांत फार क्वचित गायिली गेली असेल.

महाविद्यालय सुटल्यावर वाद्यवृंद व सुसज्ज ध्वनिमुद्रणगृह ही दोन्ही साधने हातची गेली. तेव्हा मिट्स्कीने गिटारचा आश्रय घेतला आणि लहान जागी, थोड्या साधनांनिशी बरी मी ॲट मेकआउट क्रीक (२०१४) ही तिसरी ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. तिचे शीर्षक द सिम्प्सन्स ह्या दूरचित्रवाणीवरील विनोदी व्यंगचित्रमालिकेतील एका पात्राच्या उद्गारावरून घेतलेले आहे. शीर्षक हास्यास्पद आणि आशय मरणाचा, हा विरोध तिच्या एकूण वृत्तीचा द्योतक आहे. ह्या ध्वनिमुद्रिकेत गिटारचा स्वर मुद्दाम फाटका, घरघरता ठेवलेला आहे आणि त्यावर तिचा स्वच्छ, जवळजवळ निष्कंप आवाज सरळ रेषेसारखा चालतो. ‘ड्रंक वॉक होम’ ह्या गीताच्या अखेरीस मात्र तो आवाज शब्द सोडून किंकाळ्यांत फुटतो. ‘फर्स्ट लव्ह / लेट स्प्रिंग’ ह्या गीतात जपानी भाषेचाही उपयोग केलेला आहे. साधनांच्या अभावातून आलेली ही शैली तिला इतकी मानवली, की ह्या ध्वनिमुद्रिकेमुळेच तिचे नाव प्रथम सर्वदूर झाले.

प्यूबर्टी टू : डेड ओशन्स ह्या स्वतंत्र कंपनीने २०१६ मध्ये तिची प्यूबर्टी टू (म. शी. ‘पौगंडावस्था : दोन’) ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. तीतील सर्व वाद्ये मिट्स्की व हायलंड ह्या दोघांनीच वाजविलेली आहेत. ‘हॅपी’ ह्या प्रारंभीच्या गीतात सुखाला पुरुषपाहुण्याचे रूप दिलेले आहे : तो येतो, गोड बोलतो, आणि न सांगता निघून जातो, मागे उरलेला पसारा आवरायला निवेदिका एकटी राहते. यंत्रावर वाजणारा एकसुरी ताल आणि अकस्मात उसळणारा सॅक्सोफोन यांनी ह्या रूपकाला धार आलेली आहे. सुख हे दुःखाच्या विरुद्ध टोकाला नसून दुःखाच्याच येरझाऱ्यांतील एक फेरी आहे, हा ह्या संपूर्ण ध्वनिमुद्रिकेचा सूर म्हणता येईल.

ह्याच ध्वनिमुद्रिकेतील ‘युवर बेस्ट अमेरिकन गर्ल’ (म. शी. ‘तुझी आदर्श अमेरिकन मुलगी’) हे गीत तिच्या सर्वांत चर्चिल्या गेलेल्या रचनांपैकी आहे. त्यातील निवेदिका प्रियकराच्या जगात सामावू पाहते. पण दोघांच्या आयांनी आपापल्या मुलांना वाढविण्याच्या रीतीच भिन्न आहेत, हे तिला उमगते. गीताची सुरुवात हलक्या गिटारवर, जणू स्वतःशी पुटपुटल्याप्रमाणे होते. ध्रुपदाशी येताच गिटारांची भिंत कोसळल्यासारखा प्रचंड ध्वनी उठतो. शब्दांत नमते घेणारी ही व्यक्ती ध्वनीत मात्र आपली जागा व्यापून बसते. अनेक समीक्षकांनी ह्या गीतात गोऱ्या पुरुषांचे वर्चस्व असलेल्या इंडी रॉकविरुद्धचे बंड पाहिले. मिट्स्कीने मात्र आपल्याला काही संदेश द्यावयाचा नव्हता, आपण फक्त प्रेमात होतो, अशा अर्थाचा खुलासा केला. हे दोन्ही अर्थ परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. प्रेमातील एका व्यक्तीची अडचण प्रामाणिकपणे मांडली, तर त्या अडचणीमागचा समाज आपोआपच तीत येतो, याचे हे गीत उत्तम उदाहरण होय. त्याच वर्षी मिट्स्कीने केलेल्या दौऱ्यात जपानीज ब्रेकफस्ट आणि जे सोम हे आशियाई-अमेरिकन स्त्रियांच्या नेतृत्वाखालील दोन वाद्यवृंद तिच्यासोबत होते, ही गोष्टही ह्या संदर्भात लक्षणीय आहे.

बी द काउबॉय : २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली बी द काउबॉय (म. शी. ‘काउबॉय व्हा’) ही तिची पाचवी ध्वनिमुद्रिका. तीत चौदा गीते असून एकूण कालावधी सुमारे ३२ मिनिटांचा आहे; म्हणजे सरासरी एक गीत सव्वादोन मिनिटांचे. पिचफोर्क ह्या संगीतविषयक प्रकाशनाने तिला त्या वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिका ठरविले. अमेरिकन चित्रपटांतील काउबॉय कोणाची क्षमा न मागता, कोणाची परवानगी न घेता खोलीत शिरतो. सदैव दिलगिरीच्या पवित्र्यात राहण्याची सवय लागलेल्या आशियाई स्त्रीने क्षणभर तसे होऊन पाहावे, ही शीर्षकामागील कल्पना.

ह्या ध्वनिमुद्रिकेत मिट्स्कीने हेतुतः एक कल्पित पात्र योजिले. वरून थंड, शिस्तबद्ध, भावना दाबून ठेवणारी आणि आतून ढासळू लागलेली अशी ती स्त्री आहे. रंगमंचावर प्रकाशझोतात एकटीच उभी असलेली गायिका श्रोत्यांसमोर उभी राहावी, म्हणून आधीच्या ध्वनिमुद्रिकांत वापरलेली आवाजावर आवाज चढविण्याची पद्धत तिने येथे बहुतांशी टाळली. ‘गीझर’ (म. शी. ‘उष्णोदकाचे कारंजे’) हे पहिले गीत ऑर्गनच्या गंभीर स्वरांनी सुरू होते आणि एकदाही मागे न वळता, ध्रुपदावर न येता चढत जाते. वरकरणी ते प्रेमगीत वाटते. मिट्स्कीच्या म्हणण्याप्रमाणे त्यातील आर्जव संगीतालाच उद्देशून आहे. ‘टू स्लो डान्सर्स’ ह्या अखेरच्या गीतात वय झालेली दोन माणसे शाळेच्या व्यायामशाळेत पुन्हा एकदा संथ नृत्य करतात आणि मागे फिरता येत नाही, ही जाणीव त्या नृत्याच्या लयीतूनच व्यक्त होते.

‘नोबडी’ (म. शी. ‘कोणीच नाही’) ह्या गीताची रचना येथे थोडी तपशिलाने पाहणे उचित ठरेल. मलेशियात सुटीच्या दिवसांत एकटीच राहिली असताना अनुभवलेल्या तीव्र एकाकीपणातून ते सुचल्याचे मिट्स्कीने सांगितले आहे. ह्या अनुभवाला तिने संथ, करुण चाल न देता १९७० नंतरच्या डिस्को संगीताचा नाचता ताल दिला. ध्रुपदात शीर्षकाचा शब्द पुनःपुन्हा येतो. पुनरुक्तीमुळे तो प्रथम तक्रार, मग विनोद, मग निव्वळ ध्वनी बनतो. गीताच्या अखेरीस आधारस्वर वर सरकतो आणि तोच शब्द अधिक उंचावरून, अधिक हताशपणे ऐकू येतो. नाचणाऱ्या गर्दीत एकटे असण्याची अवस्था गीतात वर्णिलेली नाही. ती तालाने घडविलेली आहे. ऐकणारा नाचू लागतो आणि नाचता नाचता त्याला आपण काय गुणगुणत आहोत, हे कळते. मिट्स्कीच्या गीतांतील भावनिक परिणाम कसा साधला जातो, त्याचे मर्म ह्या एका उदाहरणात आहे.

निवृत्ती व पुनरागमन : यशाबरोबर तिच्या श्रोत्यांचे तिच्याशी असलेले नातेही बदलत गेले. आपले दुःख हिला कळते, एवढ्यावर न थांबता आपले दुःख हिने वाहावे, अशी अपेक्षा काही श्रोत्यांत निर्माण झाली. लोकांनी आपल्याला नको असलेल्या भावना आणून टाकाव्यात अशा विवरासारखी आपली अवस्था झाल्याचे तिने ह्या काळाविषयी म्हटले आहे. अनेक वर्षे अखंड दौऱ्यांत गेल्यानंतर २०१९ मध्ये तिने अनिश्चित काळासाठी कार्यक्रम थांबवीत असल्याचे जाहीर केले आणि सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क येथे त्या पर्वातील अखेरचे कार्यक्रम केले. संगीत कायमचेच सोडण्याचा विचार त्यावेळी आपल्या मनात होता, असे तिने नंतर सांगितले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘वर्किंग फॉर द नाइफ’ ह्या गीताने ती परतली. कलानिर्मिती हे काम आहे आणि ते करणाऱ्याला ते कापत जाते, हा त्याचा विषय. न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथील ‘द एग’ ह्या नाट्यगृहात चित्रित केलेल्या त्याच्या चित्रफितीत ती काउबॉयचा वेष उतरवून ठेवते आणि रिकाम्या सभागृहासमोर थकेपर्यंत नाचते. पाठोपाठ लॉरेल हेल (२०२२) ही ध्वनिमुद्रिका आली. ॲपालॅचियन पर्वताच्या दक्षिण भागात लॉरेल झुडपांची इतकी दाट जाळी माजतात, की त्यांत शिरलेल्या माणसाला बाहेर पडणे कठीण होते. अशा जागांना तेथे हे नाव आहे. बाहेरून फुलांनी सुंदर दिसणारा हा सापळा म्हणजे तिच्या व्यवसायाचेच रूपक होय. १९८० नंतरच्या दशकातील सिंथेसायझरप्रधान लोकप्रिय संगीताची छाया ह्या ध्वनिमुद्रिकेवर आहे.

त्याच वर्षी झालेल्या दौऱ्याच्या वेळी, संपूर्ण गीते वा संपूर्ण कार्यक्रम दूरध्वनियंत्रांवर चित्रित करू नयेत, कारण त्यामुळे एकमेकांसमवेत असण्याची भावना हरवते, अशी विनंती तिने श्रोत्यांना केली. त्यावर मोठा वाद झाला. चित्रण हाच आठवणी जपण्याचा आपला आधार आहे, असे काही श्रोत्यांचे म्हणणे होते. अखेर तिचे ते निवेदन काढून टाकण्यात आले. गायिकेच्या प्रांजळपणावर हक्क कोणाचा, हा प्रश्न ह्या छोट्या प्रसंगातून स्पष्टपणे पुढे आला.

द लँड इज इनहॉस्पिटेबल अँड सो आर वी (२०२३, म. शी. ‘ही भूमी आतिथ्यशून्य आहे आणि आपणही’) ही तिची सातवी ध्वनिमुद्रिका. नॅशव्हिल व लॉस अँजेल्स येथे ध्वनिमुद्रित झालेल्या ह्या रचनांत अमेरिकन ग्रामीण संगीताचे रंग, ड्रू एरिक्सन याने संयोजित केलेला वाद्यवृंद आणि सतरा जणांचा गायकवृंद यांचा मेळ घातलेला आहे. वाद्यवृंदापासून सुरू झालेला तिचा प्रवास अशा रीतीने एका अर्थी पुन्हा वाद्यवृंदाशी आला. मात्र येथे तो अधिक मोकळा व शांत आहे. ह्यातील ‘माय लव्ह माइन ऑल माइन’ हे सव्वादोन मिनिटांचे संथ गीत जगभर पसरले आणि अमेरिकेतील बिलबोर्ड साप्ताहिकाच्या शंभर गीतांच्या सूचीत २६ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्या सूचीत आलेले तिचे हे पहिलेच गीत. या जगात खऱ्या अर्थाने आपले असे काही असेल तर ते आपण केलेले प्रेम. आपल्या पश्चात ते चंद्राने जपून खाली प्रकाशावे, ही त्यातील कल्पना. पूर्वीच्या गीतांतील मागणे येथे देण्यात रूपांतरित झालेले दिसते.

चित्रपटसंगीतातही तिने काही काम केले आहे. एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स (२०२२) ह्या चित्रपटासाठी सन लक्स हा वाद्यवृंद आणि डेव्हिड बर्न यांच्यासह तिने केलेल्या ‘धिस इज अ लाइफ’ ह्या गीताला ऑस्करचे नामांकन मिळाले. मार्च २०२३ मधील ह्या समारंभात तो पुरस्कार आरआरआर ह्या तेलुगू चित्रपटातील ‘नाटू नाटू’ ह्या गीतासाठी संगीतकार एम्. एम्. कीरवाणी व गीतकार चंद्रबोस यांना लाभला. समारंभात मिट्स्कीच्या जागी अभिनेत्री स्टेफनी सू हिने ते गीत सादर केले.

शैलीविशेष : संक्षेप हा मिट्स्कीच्या शैलीचा पहिला विशेष. कडवे, ध्रुपद, पुन्हा कडवे ह्या रूढ साच्याला ती बांधून घेत नाही. भावना आपल्या टोकाला पोहोचली की गीत संपते. श्रोत्याला सावरायला वेळ मिळत नाही आणि त्यामुळे गीत संपल्यावरही ते मनात चालू राहते. दुसरा विशेष म्हणजे आवाज आणि वाद्ये यांच्यातील ताण. वाद्ये कितीही खवळली, तरी तिचा आवाज बहुधा सपाट, आवरलेला राहतो. आशयाला ओलावा आणि उच्चाराला कोरडेपणा, अशी ही योजना असल्याने भावविवशता टळते. तिसरा विशेष म्हणजे घरगुती, साध्या वस्तूंचा रूपकासाठी उपयोग. ‘वॉशिंग मशीन हार्ट’ ह्या गीतात धुलाईयंत्रात आपटणारे बूट हृदयाच्या ठोक्यांची जागा घेतात.

रंगमंचावरील तिचा आविष्कारही असाच नियोजित असतो. आरंभीच्या काळात ती गळ्यात गिटार अडकवून गात असे. २०१५ मध्ये अमेरिकेतील सार्वजनिक नभोवाणीच्या ‘टायनी डेस्क’ ह्या कार्यक्रममालेत ‘क्लास ऑफ २०१३’ गाताना तिने गिटारचे ध्वनिग्राहक तोंडाशी धरून त्यांत किंकाळी फोडली होती. शब्दांची विनवणी जेथे संपते तेथून ती किंकाळी सुरू होते. पुढे तिने वाद्य बाजूला ठेवले आणि नृत्यदिग्दर्शिका मोनिका मिराबिले हिच्या साहाय्याने हालचालींची एक काटेकोर भाषा सिद्ध केली. तीवर जपानी ‘बुतो’ नृत्याचा प्रभाव आहे. खुर्ची, मेज यांसारख्या मोजक्या वस्तूंनिशी केलेल्या ह्या हालचाली प्रत्येक प्रयोगात ठरल्याप्रमाणे होतात. उत्स्फूर्ततेचा देखावा ती करीत नाही.

भावविरेचनाचा प्रश्न : मिट्स्कीच्या संगीताला समीक्षक व श्रोते वारंवार ‘विरेचक’ असे म्हणतात. ही संज्ञा ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रातून आलेली आहे. शोकात्मिका ही करुणा व भीती जागृत करून त्या भावनांचे ‘कॅथार्सिस’ घडविते, असे त्याने म्हटले आहे. ह्या शब्दाचा अर्थ कोणी वैद्यकाच्या अंगाने विरेचन, कोणी शुद्धी, तर कोणी भावनांचे विशदीकरण असा लावतात. कोणताही अर्थ घेतला, तरी एक गोष्ट समान राहते : शोकात्मिकेत विरेचन होते ते प्रेक्षकाचे, नटाचे नव्हे. नट रोज तेच दुःख नव्याने उभे करतो. ते त्याचे काम असते. आधुनिक गायक-गीतकाराच्या बाबतीत मात्र श्रोते असे गृहीत धरतात, की गाताना गायक स्वतःच मोकळा होत आहे आणि आपण त्याचे साक्षी आहोत. ह्या गैरसमजातून दोन परिणाम संभवतात. एक, गायिकेच्या कलाविषयक निर्णयांचे श्रेय तिला मिळत नाही. ती केवळ भावना वाहून आणणारे पात्र ठरते. दुसरा, तिच्या दुःखावर श्रोत्यांना आपला अधिकार वाटू लागतो. मिट्स्कीने मुलाखतींतून ह्या दोन्हींविषयी नापसंती दर्शविली आहे, आणि ‘दुःखी मुलगी’ ह्या तिला चिकटविलेल्या बिरुदासही तिने आक्षेप घेतला आहे. २०१९ मधील तिची निवृत्ती हा ह्या प्रश्नावरील सर्वांत बोलका अभिप्राय म्हटला पाहिजे.

समकालीन गीतकारांशी तुलना केल्यास हे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. ज्यूलियन बेकर हिच्या स्प्रेन्ड अँकल (२०१५) मध्ये श्रद्धा आणि आत्मनाश यांचा झगडा जवळजवळ प्रार्थनेच्या सुरात येतो. फीबी ब्रिजर्स हिच्या पनिशर (२०२०) मध्ये शोक रोजच्या तपशिलांतून व कोरड्या विनोदातून झिरपतो. ह्या दोघींनी लूसी डेकस हिच्यासह स्थापन केलेल्या बॉयजीनियस ह्या त्रयीला २०२४ मध्ये तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. त्या मैत्रीतून, परस्परांच्या साथीने गातात. मिट्स्कीची निवेदिका मात्र प्रायः एकटीच असते. तिच्या गीतांत साथ मिळते ती श्रोत्याला.

मूल्यमापन : काही समीक्षकांच्या मते तिच्या गीतांचा आवाका मर्यादित असून त्यांत तेच ते मनोव्यापार पुनःपुन्हा येतात. ह्या आक्षेपात अंशतः तथ्य आहे. परंतु त्याच मनोव्यापारांसाठी तिने पियानो, फाटकी गिटार, डिस्को, सिंथेसायझर, ग्रामीण संगीत व गायकवृंद अशी एकाहून एक भिन्न ध्वनिरूपे शोधली, हेही तितकेच खरे. भावकवितेचे श्रेष्ठत्व विषयांच्या संख्येवर अवलंबून नसते. स्वतःचे दुःख जसेच्या तसे ओतणे म्हणजे प्रामाणिकपणा, ही समजूत तिच्या कार्याने खोटी ठरविली. दुःखाला नेमका आकार देणे, तो आकार दुसऱ्याच्या हाती सोपविणे आणि त्यानंतर स्वतःसाठी काही राखून ठेवणे, ह्या तिन्ही गोष्टी प्रामाणिकपणातच मोडतात. अनेक तरुण श्रोत्यांना, विशेषतः दोन संस्कृतींच्या सीमेवर वाढलेल्या मुलींना, तिच्या गीतांत आपल्या अव्यक्त भावनांसाठी शब्द सापडले. तिचे गीत ऐकून श्रोता रडतो, ते गायिका रडत असल्यामुळे नव्हे. त्याच्या रडण्याला पुरेल एवढी जागा तिने त्या दोन-सव्वादोन मिनिटांत मोजूनमापून मोकळी ठेवलेली असते म्हणून.